बाईच्या रेडिओचा व्हॉल्व्ह

माझ्या लग्नात वडिलांनी मला रेडिओ दिला नाही. बाईच्या लग्नात दिला होता.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. घरात सगळे तिला बाईच म्हणत, वडीलसुद्धा. तिचं लग्न छप्पन साली झालं. त्या साली कापूस चांगला पिकला होता, आणि दिग्रसच्या एका जिनिंगचा मॅनेजर नोकरी सोडून आपल्या मुलखात निघाला होता. जाताना त्यानं सामान विकायला काढलं, त्यात त्याचा विलायती रेडिओ होता. लढाईच्या आधीचा. काळपट लाकडाची पेटी, पुढे सोनेरी कापड, आणि काचेच्या पट्टीवर कुठल्या कुठल्या परदेशी शहरांची नावं. वडिलांनी तो घेतला आणि बाईबरोबर यवतमाळला तिच्या सासरी धाडला. वरातीच्या बसमध्ये तो अर्धा माझ्या मांडीवर होता, अर्धा मावशीच्या. रस्त्यात खड्डा आला की मागून पुढून सगळे ओरडायचे, "सांभाळ वं, सांभाळ!" नवरी खिडकीशी बसून रडत होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि माझ्याकडे तर नव्हतंच.

पुढे माझं लग्न ठरलं ते दिग्रसच्याच एका रेडिओ मेकॅनिकशी. याद्या करायला माणसं बसली होती. मी आतून ऐकत होते. माझी आई म्हणाली, "मोठीले रेडिओ देल्ला होता. इले काय द्याचं?" तर वडील हसून म्हणाले, "इले रेडिओ कायले पाह्यजे? इच्या घरी त रेडिओच रेडिओ!" बैठक हसली. मीही दाराआड हसले. त्या हसण्याचा राग मला पुढे कितीतरी वर्षं येत राहिला, आपल्याच हसण्याचा.

वडील खोटं बोलले नव्हते. सासरच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. भिंतीला रेडिओ, कपाटावर रेडिओ, पलंगाखाली रेडिओच्या रिकाम्या पेट्या. पण ते सगळे आजारी. एखादा बरा झाला, गाऊ लागला, की मालक यायचा आणि उचलून न्यायचा. दवाखान्यात राहणाऱ्याला कधी कोणी निरोगी माणूस भेटत नाही, तसं माझं झालं होतं. गाण्याचं कडवं सुरू झालं की मी स्वयंपाकघरातून कान द्यायची, तेवढ्यात खटका बंद. "चालून राह्यला. घेऊन जा."

एकदा मी यांना म्हटलं, "अवो, एखादा आपल्या घरासाठी जोडा नं."

"जोडू नं," हे म्हणाले. आणि जोडायला घेतलाही. भंगारातला एक सांगाडा आणला, त्यात एकेक वस्तू बसवू लागले. तो कपाटावर असायचा. पण कोणा गिऱ्हाइकाची घाई असली आणि नेमकी ती वस्तू दुकानात नसली, की यांचा हात कपाटाकडे जायचा. "घरचाच हाये," म्हणायचे, आणि माझ्या रेडिओतून कधी बटण जायचं, कधी कंडेन्सर. असा तो एकाच वेळी जोडला जात होता आणि सुटा होत होता.

यांचा स्वभाव सांगायचा तर दिवसाला मोजून बोलणं. गिऱ्हाइकाशीसुद्धा मानेनंच बोलायचे. पण एका बाबतीत वेडे होते. रेडिओत जी वस्तू मुळात होती तीच पुन्हा बसली पाहिजे. बाकीचे मेकॅनिक काहीही ठोकून चालू करून द्यायचे. हे म्हणायचे, "ज्याचा त्याले लावला पाह्यजे." त्यामुळे जुन्या विलायती रेडिओंची माणसं दूरदूरून यांच्याकडे यायची. आमच्या दुकानात एक रीतच पडून गेली होती. मेकॅनिक असली पार्ट काढून घेतो आणि नकली घालतो, असा लोकांना संशय. तो नको म्हणून गिऱ्हाइकानं आपल्या घरचा धागा आणायचा आणि रेडिओतल्या मुख्य वस्तूंना तो स्वतः बांधायचा. कोणी फेट्याचा दोरा काढायचा, कोणी गोणपाटाचा, एका सावकारानं तर रेशमी गोंडा आणला होता. रेडिओ परत नेताना मागची पाटी उघडून आपला धागा ओळखायचा आणि मग खुशीनं न्यायचा.

बाईचा नवरा एकसष्टच्या उन्हाळ्यात तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासर मोठं, माणसांनी भरलेलं, आणि बाईकडे रस्त्याच्या बाजूची पुढची खोली. त्या खोलीवर तिच्या दिराचा डोळा होता, त्याला तिथं बी-बियाण्यांचं दुकान काढायचं होतं. पण रेडिओ त्याच खोलीत होता. सकाळी सासरे बातम्या ऐकायला येऊन बसायचे, कापसाचे भाव ऐकायला आळीतले चारसहा जण यायचे, दुपारी बायका. मधल्या फळीवर रेडिओ, खाली सतरंजी, आणि रेडिओचे कान पिळणारी बाई. सासरे दिराला म्हणायचे, "लोकं येतात, राहू दे." मी एकदा भेटायला गेले होते तेव्हा बाईनं मला सांगितलं, "रेडिओ बोलते तोवर खोली माही. थो मुका झाला का मले चुलीमागं टाकतीन."

आणि तो मुका झाला.

बाई स्वतः बसनं घेऊन आली. सोबत पुतण्या होता, तो रेडिओ टेबलावर ठेवून बाजारात निघून गेला. मी चहा टाकला. यांनी मागची पाटी काढली, आत टॉर्च मारला, आणि एक मोठ्या पोटाचा काचेचा व्हॉल्व्ह हलकेच उपसून काढला. आमच्याकडे त्याला सगळे वालच म्हणत. आतून तो काळा पडला होता.

"भाऊजी, हे बरं होईन नं?"

"होते. पण याले याचाच लागन."

"म्हणजे? दुसरा नाई चालत?"

"हे पाहा ताई." आणि हे सांगू लागले. नव्या वालला खाली पिना असतात, खोवला की बसला. याला पिना नाहीत, याच्या बुडाला बाजूनं पितळी पट्ट्या आहेत, त्या आतल्या वाटीत अडकतात. लढाईच्या आधी असे बनायचे, आता बनवतच नाहीत. आवाज कुठून येतो, तो या काचेत कसा मोठा होतो, सगळं. बाई टेबलावर कोपर टेकून ऐकत होती. पांढऱ्या साडीत ती अजूनच गोरी दिसत होती. मधेच काही विचारायची, हे हसायचे आणि पुन्हा सांगायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, वाल म्हणजे काय हे यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हेही खरं.

"चहा घ्या," मी म्हटलं. नंतर पुन्हा म्हटलं. चहावर साय आली.

"मंग कुठी भेटन हो?" बाई म्हणाली.

"शोधू."

"कुठी शोधसान?"

"शोधू नं ताई. कुठी नं कुठी असनच."

बाई माझ्याकडे वळून हसली. "तुहा नवरा त मोठा डाक्टर हाये वं."

"हाये नं," मी म्हटलं, "फक्त घरच्याईले औषध देत नाई."

तिघंही हसलो. मग हे म्हणाले, "धागा?" बाई दचकली. तिनं धागा आणला नव्हता, तिला ही रीत माहीत नव्हती. मी तिला समजावून सांगितली. तिनं पदराचं टोक हातात घेतलं, दातानं एक दोरा सोडवला आणि सरळ ओढून काढला. पांढरा, लांब. यांच्या हातावर ठेवला. "तुमीच बांधा. मले तुमच्यावर भरोसा हाये." गिऱ्हाइकाचा धागा यांनी स्वतः बांधलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग शोध सुरू झाला. अकोल्याला गेले, नागपूरच्या जुन्या बाजारात जाऊन आले, पुसदच्या मेकॅनिकला विचारलं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला तो जळका वाल दाखवायचे. आमच्या घरी वरणात मीठ आहे की नाही हे न कळणारा माणूस जेवताना बोलू लागला. "पुसदवाला म्हणते त्याच्यापाशी होता, फुटला." "नागपूरले एक भेटला, पण बुड वेगळं." मी भाकरी वाढत ऐकायची. कधी वाटायचं, माझ्यासाठी हा माणूस असा कुठं वणवण हिंडला असता? वाटायचं म्हणजे रोजच वाटायचं.

बाई अधूनमधून निरोप धाडायची, दिवाळीला आली तेव्हा चारदोन दिवस राहिली. तिला दुकानात बसायला आवडायचं. हे काम करायचे, ती काहीबाही विचारायची. मी आत पोळ्या लाटत त्यांचे आवाज ऐकायची, आणि शब्द कळले नाहीत की जास्त त्रास व्हायचा. त्या दोघांत काही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही मी ते शपथेवर सांगेन. कधी कधी वाटायचं, असतं तर बरं झालं असतं, निदान माझ्या जळण्याला काही नाव तरी असतं. मला चिडायला जागाच नव्हती. विधवा बहीण, तिची खोली जाऊ घातलेली, आणि नवरा तिच्यासाठी धावपळ करतो आहे. लोक म्हणायचे, जावई असावा तर असा. मी हो म्हणायची.

त्याच दिवसांत यांनी कपाटावरच्या माझ्या सांगाड्यातला शेवटचा चांगला कंडेन्सर काढला आणि बाईच्या रेडिओला घातला.

"तो माहा होता," मी म्हटलं.

"तुह्या बहिणीचाच त हाये," हे म्हणाले, मान वर न करता.

शेवटी पत्ता लागला तो वणीकडे. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, कोळशाच्या खाणीतल्या मोटारी दुरुस्त करायचे, रेडिओही. त्यांना सगळे चाचा म्हणत. हे खास त्यांना भेटायला गेले आणि संध्याकाळी परतले ते दारातूनच बोलत. "खाणीच्या एका साह्यबाच्या बंगल्यावर असाच रेडिओ पडून हाये. साह्यबाची बदली झाली का चाचा वाल काढून घेतीन. बसनं धाडून देतो म्हनले."

"बसनं?" मी विचारलं. "फुटन नं."

"चाचा बरोबर बांधतीन."

तो आला तेव्हा हे घरी नव्हते. पुसदला एका लग्नात लाउडस्पीकर लावायला गेले होते. भर दुपारची वेळ. यवतमाळच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा राहिला, हातात वनस्पती तुपाचा डबा, तोंड सुतळीनं बांधलेलं.

"वैनी, घ्या बाप्पा तुमचं. वणीच्या गाडीवाल्यानं माह्या हाती देल्ला यवतमाळले. म्हने चाचानं बजावलं हाये, जानसे ज्यादा संभालना, असली हाये. तिकिटं फाडू का हे धरू? सारा रस्ता मांडीवर घेऊन बसलो. लेकरूबी इतकं नाई घेतलं कधी."

मी त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर डबा उघडला. आत जिनिंगमधली स्वच्छ सरकी काढलेली रुई दाबून भरली होती आणि रुईच्या पोटात तो. बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला. आत बारीक तारांची आणि पत्र्यांची रचना, जणू काचेत कोणी माडी बांधली आहे. वरच्या बाजूला आतून चांदीचा मुलामा. त्यात माझं तोंड दिसत होतं, पसरट.

मला पुढचं सगळं दिसलं. हे रात्रीपर्यंत येणार. जेवणार नाहीत. सकाळच्या पहिल्या गाडीनं बाईचा रेडिओ घेऊन स्वतः यवतमाळला जाणार. खोली माणसांनी भरेल. खटका दाबतील, आणि रेडिओ बोलेल, आणि बाई पदर सावरत यांच्याकडे पाहील. आणि हे, जे माझ्याकडे पाहताना नेहमी माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिल्यासारखे पाहतात, ते तिच्याकडे बघून हसतील.

मी मागल्या दारानं विहिरीवर गेले आणि तो विहिरीत टाकला.

बुडाला नाही.

हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटलं होतं, डुबुक आवाज होईल आणि संपलं. तो आत गेला, वर आला आणि तरंगू लागला. आडवा, एका अंगावर. आत काहीच नसतं ना, हवासुद्धा नसते. हे मला ठाऊक नव्हतं. तो विहिरीच्या मधोमध हळूहळू फिरत होता आणि ऊन त्याच्या चांदीवर पडून काठाच्या दगडांवर कवडसा नाचत होता. मी तिथं उभी. जाता येईना, थांबता येईना.

तेवढ्यात शेजारीण घागर घेऊन आली. दोन घरांत मिळून ती एकच विहीर होती.

"काय पडलं वं?"

"काई नाई. शिशी."

"तेलाची काय? मंग काढ नं बाई, पाण्याले वास मारन." तिनं स्वतःच बादली सोडली. बादली आली की तो लाटेनं बाजूला सरकायचा. "लय चालू हाये वं तुही शिशी!" ती हसत होती, कमरेत वाकून एकदा इकडून एकदा तिकडून बादली घालत होती, आणि मीही हसत होते, कारण नाहीतर काय करणार. शेवटी सापडला. तिनं बादलीतून उचलून पाहिला. "हे शिशी नोहे. दिवा हाये काय?"

"दिवाच हाये. जुना."

"तुह्या घरी काय, सारंच इजेचं."

स्वयंपाकघरात आले. पदरानं तो पुसला. आणि पुसताना मला बाई आठवली. पदराचा दोरा ओढणारी नाही, चुलीमागं टाकतीन म्हणणारी. मी खरंच सांगते, मला तेव्हा पश्चात्ताप झाला. तो पुन्हा रुईत ठेवून द्यावा, हे आल्यावर हातात द्यावा, असं मनापासून वाटलं. पण तो ओला झाला होता. आमच्या घरात आल्या दिवसापासून यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. वल्ल्या हातानं रेडिओले हात लावू नको. भांडी घासता घासता मी दुकानात डोकावले तरी आधी माझे हात पाहायचे. म्हणजे नुसता ओला हात लागला तरी रेडिओ जळतो, अशी माझी समजूत; आणि हा तर विहिरीत पडला होता. हा आता मेला, असं मी धरून चालले. तो लावला आणि बाईचा अख्खा रेडिओ जळाला तर? आणि हा ओला कसा झाला म्हणून यांनी विचारलं तर? ओल्याचा जाब द्यावा लागतो. फुटलेल्याचा नाही. बसनं आलेली वस्तू फुटू शकते.

मी तो कोरड्या रुईत गुंडाळला, डब्यात ठेवला आणि वरून वरवंटा दाबला. फट् असा आवाज झाला, लहान मुलानं फुगा फोडावा तसा. रुई उलगडून पाहिलं, तर आतली चांदी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी पडत गेली. राखेसारखी.

हे आले. मी डबा पुढे केला. "फुटूनच आला," मी म्हटलं.

यांनी आरडाओरडा केला नाही. वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक तुकडा त्यावर ठेवला. बुड हातात घेऊन बाजूच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग म्हणाले, "चुकलं माहं. मीच जाले पाह्यजे होतं."

मी ताट वाढलं. जेवले नाहीत. ते मात्र मी ओळखलं होतं तसंच झालं.

बिचाऱ्या कंडक्टरला स्टँडवर लोक डिवचू लागले. "काहून रे, आपटला वाटते मेकॅनिकचा माल?" तो आईची शपथ घेऊन सांगायचा की मांडीवरून खाली ठेवला नाही. पुढे तो आमचं पार्सल घेईनासा झाला. माझ्यासमोरून जाताना मान खाली घालायचा. त्यानं काय केलं होतं?

आता बाईचा दीर थांबायला तयार नव्हता. दुसरा वाल मिळेना, तेव्हा यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते केलं जे हे करत नसत. रेडिओची जुनी वाटी कापून काढली, नवी बसवली, तारा फिरवल्या आणि बाजारातला पिनांचा वाल लावला. रेडिओ बोलला, पण घसा बसल्यासारखा. बाई घेऊन गेली. काही आठवडे चालला. मग एका सकाळी, सासरे बातम्या ऐकत बसलेले असताना, आतला ट्रान्सफॉर्मर जळाला. धूर झाला. दीर ओरडला, "घर जाळता काय आता?" त्यानं वायर खेचून काढली. त्याच आठवड्यात खोली रिकामी झाली. बाईचा पलंग स्वयंपाकघरामागच्या, जळणाच्या खोलीत गेला. पुढे बियाण्यांचं दुकान लागलं.

आम्ही भेटायला गेलो तर ती जळणाची खोली मला दारात उभं राहूनच पूर्ण दिसली, इतकी लहान. बाई रडली नाही. यांना म्हणाली, "भाऊजी, तुमी लय केलं माह्यासाठी. सख्खा भाऊ करत नाई इतकं." हे खाली बघत होते. आणि मी, जिच्या हातानं हे सगळं झालं ती, तिथंही मनात म्हणत होते, बघ, हिला अजून यांचंच कौतुक.

त्यानंतर यांनी जुन्या रेडिओंचं काम घेणं बंद केलं. ट्रान्झिस्टर आलेच होते, पोटापुरतं काम मिळत गेलं. कोणी लढाईआधीचा रेडिओ घेऊन आला की पेटी न उघडता सांगायचे, "याचे पार्ट भेटत नाईत." कपाटावरचा माझा सांगाडा कधीतरी भंगारात गेला. पुढे घरात एक ट्रान्झिस्टर आला, माझ्यासाठी, कातडी पिशवीतला. मी तो लावत नसे.

हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या तोंडातून मुळातच शब्द कमी निघतात. लोकांना तो माझा सोशिकपणा वाटला. गेल्या वर्षी बाई आमच्याकडे आली होती. आम्ही दोघी ओसरीवर तूरडाळ निवडत बसलो होतो. तिच्या केसांत आता काळं शोधावं लागतं. आणि मी सांगून टाकलं. का तेव्हाच, माहीत नाही. डबा, विहीर, वरवंटा, सगळं.

बाईचा हात सुपात फिरत राहिला. खडा सापडला तो तिनं बाजूला टाकला. मग म्हणाली, "मले कायले सांगतं आता? भाऊजीले सांगतलं काय?"

"नाई."

"इतकी वर्षं? इतकी वर्षं थे माणूस समजून राह्यला असन का आपल्याच हातानं झालं." तिचा आवाज चढला. "जाय, आधी त्याईले सांग."

खोली हिची गेली होती. तरुणपणापासून जळणाच्या खोलीत ही राहिली. आणि हिच्या तोंडात पहिलं नाव आलं ते यांचं. मी तिच्या पाया पडणार होते, ठरवून बसले होते. ते तसंच राहिलं. या वयात, पांढऱ्या केसांनी, तूरडाळीचं सूप मधे घेऊन मी बहिणीवर पुन्हा जळले.

ती यवतमाळला परतल्यावर मी यांना सांगितलं. अंगणात बाजेवर बसले होते. मी उभ्यानंच बोलले. संपेपर्यंत यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पट्ट्या साऱ्या होत्या?"

"होत्या."

"आतली चांदी?"

"चकचकीत होती. तोंड दिसे."

"म्हणजे असली होता." मान हलवली, स्वतःशीच. "चाचानं बरोबर धाडला होता." मग माझ्याकडे पाहिलं. "टाकला थे समजलं. पण काढल्यावर फोडला काहून?"

"वल्ला झाला होता. मले वाटलं आता तो जळला."

"वालले पाण्यानं काय होते? काच हाये. पुसून उन्हात ठेवला असता, लावला असता, त बोलला असता."

"तुमीच त सांगत होते. वल्ल्या हातानं हात लावू नको, हात लावू नको. येता-जाता."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"थे रेडिओसाठी नोहतो सांगत," हे म्हणाले. "तुले करंट लागू नये म्हणून सांगत होतो."

  आत जाऊन मी चुलीवरचं दूध उगाच खालीवर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी सदरा मागितला आणि म्हणाले, "यवतमाळले जाऊन येतो. ताईले भेटतो." मी विचारलं नाही कशाला. गाडी गेली असेल त्या वेळेपासून मी घरात त्या दोघांचं बोलणं रचत होते. हे काय म्हणाले असतील, ती काय म्हणाली असेल, दोघं मिळून मला काय म्हणाले असतील. कळत होतं की आता तरी हे थांबवावं. थांबत नव्हतं.

हे परतले, पाय धुतले, पाटावर बसले. मी वाढलं. दोन घास झाल्यावर म्हणाले, "ताई रागावली मले. म्हने, एकटे कायले आले, तिले काहून नाई आणलं. घेऊन या म्हने."

"रागानं म्हने का बरं म्हने?"

"थे मले काय समजते," हे म्हणाले. "तू जाय अन् पाह्य."

अजून गेले नाही. पिशवी भरून ठेवली आहे.